फोटोंची धर्ममाय

प्रिय बेनिता,

आपल्या चर्चमधल्या सावळ्या माउलीच्या कृपेने इथे सगळे खुशाल आहेत. सेवेरोचा गुडघा थंडीत दुखतो आणि आपल्याकडची थंडी काही जात नाही, म्हणजे तेही चालूच आहे. हे पत्र मी कितीदा तरी सुरू केलं आणि कागद वाया नको म्हणून त्याच्याच मागच्या बाजूवर पुन्हा सुरू केलं. सेवेरो म्हणाला, "पत्र लिहितेस की अंडी उबवतेस?" तुला सगळं क्रमानेच सांगते. मधूनच तोडून सांगितलं तर माझी लाज तुला अर्धीच कळेल.

एल्विराचं लग्न ठरलं तेव्हा तू ब्युनोस आयर्सहून फोन केला होतास, आठवतं ना? मागे शिलाईची यंत्रं घरघरत होती. "कागद झालेले नाहीत गं. एकदा सीमा ओलांडली की परत आत घेणार नाहीत, आणि मी शिवलं नाही तर लग्नाच्या बिअरचं कोण बघणार," असं म्हणून तू हसलीस, आणि ते हसणं मध्येच कुठेतरी राहिलं. मग रीतीप्रमाणे खर्चाच्या वाटण्या झाल्या, जो ज्याचा खर्च उचलेल तो त्याचा धर्मबाप. नवऱ्या मुलाचे, रामिरोचे काका केकचे धर्मबाप झाले, आत्या अंगठ्यांची धर्ममाय झाली, बँड दोघा भावांनी मिळून घेतला, कारण बँड एकट्याला झेपत नाही. तू मला म्हणालीस, "उर्सुला, तू फोटोंची धर्ममाय हो. मला जेवण नको, नाच नको. माझी पोर नवरी झालेली मला नुसती दिसू दे." सिस्टरांच्या शाळेत एका बाकावर बसलेल्या आपण दोघी. मी फोन ठेवला आणि माउलीपुढे मेणबत्ती लावली. खरं सांगते, मला अभिमान वाटला होता.

आता माझा स्वभाव तुला माहीत आहे. चर्चच्या दारातला फोटोवाला तेओफिलो लगेच घरी आला. तो आधी पैसे घेतो आणि मागाहून मिटलेल्या डोळ्यांची माणसं आणून देतो. मी म्हटलं, एका दिवसासाठी त्याला कशाला द्यायचे? तेवढ्यात आपलाच छोटा कॅमेरा येईल. पुढे एल्विराचं बाळ होईल, त्याचा बाप्तिस्मा होईल, तेव्हाही कामाला येईल. तेओफिलो जाताना म्हणाला, "घ्या ताई, घ्या. उद्या पाद्री पण आपलाच घ्या, मिस्साचे पैसे वाचतील." सेवेरो हसला, मला राग आला, आणि रागाच्या भरात मी दुसऱ्या दिवशीची ला पासची बस धरली.

चढावरच्या त्या गल्लीत दुकानापुढे एक टोपीवाली बसली होती. तिने माझ्यापुढे कॅमेरे मांडले, जसे आपण बटाटे मांडतो, मोठे वर आणि लहान खाली. एकाची नळी पुढे यायची, लांबचं जवळ दिसायचं. मी म्हटलं, "मी दोन पावलं पुढे जाईन, पावलांना पैसे पडत नाहीत." दुसरा फोटोच्या कोपऱ्यात तारीख छापायचा. म्हटलं, "लग्नाची तारीख मला पाठ आहे." ती म्हणाली, "बाई, तुम्हाला कॅमेरा हवाय की माझी परीक्षा घ्यायचीय?" शेवटी तिने तळातून एक काळा, साबणाच्या वडीएवढा काढला. जपानी. आतच फ्लॅश, अंतर स्वतःच धरतो, रोल स्वतःच पुढे सरकवतो. "यात तुम्हाला काही करायचं नाही. बघायचं आणि दाबायचं. फक्त एक करायचं नाही. रोल संपला की तो आपोआप गुंडाळतो, तसा आवाज येतो. तो आवाज येऊन थांबेपर्यंत मागचं झाकण उघडायचं नाही. आत उजेड गेला की सगळं पुसलं." हे तिने मला स्पष्ट सांगितलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

घरी मी रोल न घालता सराव केला. ज्या खिडकीतून आपण बघतो ती वेगळी आणि काच वेगळी, म्हणून माणूस जवळ असला की त्याचं डोकं कापलं जातं, हे मी पुस्तिकेतली चित्रं बघून समजून घेतलं. बोट काचेवर येऊ नये म्हणून करंगळीला दोरा बांधला. सेवेरो कोंबड्यांना दाणे टाकायचा तिथे मी पुढे, मागे, बसून, उभी राहून रिकामं बटण दाबायची. तो म्हणायचा, "एवढं माझ्याकडे लग्नातही बघितलं नव्हतंस."

लग्न फार सुंदर झालं बेनिता. एल्विरा चर्चबाहेर आली तेव्हा सरोवरावरून वारा आला आणि तिच्या डोक्यावरचा नवरीचा पडदा रामिरोच्या टोपीला गुंडाळला. तो सोडवता सोडवता दोघं इतकी हसली की फादरही हसले. ते मी घेतलं. तुझी आई तिच्या डोक्यावर कागदाचे रंगीत तुकडे टाकताना, ते मी घेतलं. जेवणात तळलेला मासा आणि काळे वाळवलेले बटाटे होते, आणि बँडवाल्यांना आधी वाढावं लागलं, कारण ते उपाशी असले की ताल चुकतात. लोकांनी दोघांच्या कपड्यांना नोटा टाचल्या तेव्हा एल्विराने आपल्या छातीवर एक जागा हाताने झाकून ठेवली. "ही आईची," म्हणाली. तू पाठवलेली नोट तिथे मी टाचली आणि मग मागे सरून तेही घेतलं. प्रत्येक वेळी मी दाबण्याआधी श्वास धरायची. उगीच एकही घालवला नाही. इतका जपून वापरला की लग्न संपलं तरी रोल संपला नाही. शेवटचे थोडे उरले. लहान बटण दाबलं की तो आहे तिथून गुंडाळता येतो हे मला ठाऊक होतं. पण पैसे देऊन घेतलेलं न वापरता कसं गुंडाळायचं? तो तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार. माउलीच्या बॅसिलिकेपुढे नेहमीसारखी आशीर्वाद घ्यायला आलेल्या नव्या गाड्यांची रांग लागली होती. फुलांच्या माळा, कागदी पताका, चाकांवर बिअर, आणि सगळ्यांची बॉनेटं वर. माझ्या मनात आलं, सेवेरोची जुनी सायकलसुद्धा आपण इथून आशीर्वाद घेऊन नेली आणि ती अजून चालते. मग हा तर नवा, महागाचा. मी त्याला गुलाबी फीत बांधली आणि एका नव्या ट्रकच्या मागे उभी राहिले. फादर पाणी शिंपडत जवळ आले तसा माझ्या मागचा मिनीबसवाला म्हणाला, "ताई, उघडा की. इंजिनाला लागलं पाहिजे, नुसत्या टपाला आशीर्वाद देऊन काय होणार?" पुढचा ट्रकवालाही मान हलवून म्हणाला, "आत जाऊ दे, आत." टोपीवालीचं सांगणं मला तेव्हा आठवलं, बेनिता. आठवलं आणि मी मनात म्हटलं, माउलीच्या दारात, देवाच्या हाताखाली काय बिघडणार आहे? मी झाकण उघडलं. आपल्याकडचं दहा वाजताचं ऊन तुला माहीत आहे. मी तो दोन्ही हातांत ताटासारखा धरून उभी होते. रोलवर पाण्याचे थेंब पडले, मी ते शालीच्या टोकाने टिपले, क्रूस केला आणि झाकण लावलं. त्या वेळी तुझा विचार माझ्या मनात नव्हता. वस्तू वर्षानुवर्षं टिकावी, घातलेले पैसे फिटावेत, एवढाच होता. प्रार्थना केली तीही त्याचीच.

उरलेले मग मी घरी संपवले. एक कोंबड्यांच्या खुराड्याचा. आणि एक एल्विराचा. ती आदल्या दिवसाची भांडी परत द्यायला आली होती आणि माझ्याबरोबर अंगणात बटाटे सोलायला बसली. डोक्यात अजून ते कागदाचे तुकडे. "मावशी, मला कशाला, मी अशी अवतारात," म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही, रोल संपवायचाय." आवाज आला, रोल गुंडाळला गेला, आणि मी तो धुवायला ला पासला नेला.

काउंटरवरची मुलगी बराच वेळ आत होती. बाहेर येऊन तिने काळी पट्टी उजेडात धरली आणि विचारलं, "सेन्योरा, हा उन्हात उघडला होता का?" दोनच फोटो आले होते, झाकण उघडलं तेव्हा रोलच्या डबीच्या आत राहिलेल्या भागावरचे. खुराडं आणि बटाटे सोलणारी एल्विरा. परतीच्या बसमध्ये मला जपमाळ म्हणायची होती, पण पहिल्याच मण्यावर थांबले. काय मागायचं तेच कळेना.

एल्विराला मी सांगितलं. ती रडली नाही. मीच रडले. ती म्हणाली, "मावशी, गप्प राहा. सासूबाईंना कळलं तर फोटो नाहीत म्हणजे लग्नाला तोंडच नाही, असं म्हणून अपशकुन मानतील. मी आईला लिहिते, फोटोंचं पाकीट वाटेत हरवलं म्हणून. सीमेवर रोज कुणाचं ना कुणाचं हरवतंच." लग्न होऊन पंधरा दिवस न झालेली पोर, माझ्यासाठी आपल्या आईशी खोटं बोलायला निघाली. नको म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तोंडातून "देव तुझं भलं करो" एवढंच बाहेर आलं.

तिने पत्रात कुणाचं नाव घातलं नव्हतं. पण आपल्या गावाहून तिकडे बसने सामान नेणारा एकच माणूस आहे, आणि तू त्याचं नाव ओळखलंस. गेल्या गुरुवारी किंतीनदादा माझ्या दारात आला. टोपी हातात. म्हणाला, "उर्सुलाताई, बेनिताने तिकडच्या रविवारच्या बाजारात सगळ्यांदेखत विचारलं, माझ्या पोरीचं लग्न कुठे विकलंस म्हणून. मला पाकीट आठवत नाही हो. पण वय झालं, आताशा विसरत असेन. तुम्ही दिलं असेल. मी सगळ्या पिशव्या उलट्या करून बघितल्या." तिकडचे लोक आता त्याच्याकडे गाठोडी देत नाहीत म्हणाला, आणि तेही त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मग त्याने तिकडच्या दुधाच्या गोड खव्याचा एक डबा पुढे केला आणि माझी माफी मागितली. मी त्याला चहा दिला. आणि डबा घेतला, बेनिता. त्याच्या डोळ्यांत बघत घेतला.

रविवारी मिस्सात मी ख्रिस्तप्रसाद घ्यायला बाकावरून उठले नाही, हे पाप पोटात ठेवून कशी घेणार. सेवेरोने कोपराने ढोसलं तरी नाही. मिस्सा झाल्यावर डबा घेऊन तशीच किंतीनदादाच्या घरी गेले. तो उंबऱ्यावर घेवडा सोलत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, ट्रक, ऊन, झाकण, एल्विराचं पत्र. मला वाटलं, तो शिव्या देईल. त्याने हातातली शेंग सोलून दाणे बाजूला टाकले आणि म्हणाला, "म्हणजे मी विसरत नाही तर." त्याच्या बायकोने आतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, "आठ दिवस झोपला नाही हा."

म्हणून हे पत्र. पोरीला बोलू नकोस, तिने माझं नाव राखायला केलं. मला काय बोलायचं ते बोल. पण येत्या रविवारी त्याच बाजारात जा, जिथे उभी होतीस तिथेच उभी राहा, आणि तेवढ्याच आवाजात सांग की पाकीट कधी दिलंच नव्हतं, उर्सुलाने भर उन्हात कॅमेरा उघडला. नाव पूर्ण घे, नवऱ्याच्या आडनावासकट. इथे आपल्या चर्चमध्ये मी ते स्वतः सांगेन, एल्विराच्या सासूलाही. आत तुझ्या मुलीचा फोटो आहे, बटाटे सोलणारा. नवरीचा नाही. तो मी तुला कधीच देऊ शकणार नाही. हे पत्र किंतीनदादाच घेऊन येतो आहे. मी ते त्याला वाचून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच मागणं केलं: पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहायचं की हे त्याच्या हाती दिलं, आणि खाली माझी सही करायची. मी केली आहे. तू मिळाल्याची सही कर आणि पाकीट त्याला परत दे. ते त्याला हवं आहे.

तुझीच,
उर्सुला