टिटवीची उचकी

मी, खाली सही करणारी, शाळाशाळांतून 'पाखरेबाई' या नावाने ओळखली जाणारी, वय एकाहत्तर पूर्ण, धंदा गाणी म्हणणे व मुलांना रानातल्या जिवांची ओळख करून देणे, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, माझ्याच हाताने, कोणाच्या सांगण्यावरून वा धाकाने नव्हे तर राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. यापूर्वी, बाबा गेले त्या वर्षी, मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. त्यात सगळं धाकट्या भावाला दिलं होतं, आणि ते त्याच्या कानावर गेल्यापासून तो माझ्या तब्येतीची चौकशी जरा जास्तच मायेने करू लागला होता.

कलम १. राहते घर, तीन खोल्या, मागचं अंगण व अंगणातला हातपंप, हे सर्व मी माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला देते. भावाने वाईट वाटून घेऊ नये. त्याचं स्वतःचं घर आहे, दुकान आहे, आणि माझं घर विकून काय करायचं हेही त्याचं ठरलेलं आहे. भाचीला घर देताना अट एकच. मागच्या खोलीची खिडकी, जी बंद पडलेल्या दगडाच्या खाणीकडे उघडते, ती कधीही विटांनी बुजवू नये. एकदा बुजवली होती. बाबांनी स्वतः थापी घेऊन बुजवली आणि मरेपर्यंत उघडू दिली नाही. ते गेल्यावर मी गवंडी बोलावला. वारा येतो, धूळ येते, थंडीत हाडं गारठतात, हे सगळं मला मान्य आहे. तरी खिडकी राहील.

कलम २. बँकेत जी काही शिल्लक असेल ती भाचीने गावोगावच्या शाळांत जाण्यायेण्यासाठी वापरावी. शाळा चहा देतात, एसटीचं भाडं देत नाहीत.

कलम ३. पत्र्याची पेटी. तिच्यात सापाची कात, साळिंदराचे काटे, कोल्ह्याची कवटी, ठशांचे साचे व मुलांनी हाताळून टक्कल पाडलेली काही पिसं आहेत. पेटीही भाचीला. फक्त घुबडाचा कागदी मुखवटा, मोठ्या शाळेच्या त्या मुख्याध्यापकांना द्यावा ज्यांनी भर वर्गात मला विचारलं होतं, 'बाई, हे शिक्षण आहे की करमणूक?' दिवसा न दिसणाऱ्यांना घुबड म्हणायची लोकांची रीत आहे. पण घुबडाला दिवसाही चांगलं दिसतं, हे त्यांच्याच शाळेत मी दरवर्षी सांगत आले, तेव्हा ही भेट घुबडाचा अपमान ठरेल याची मला जाणीव आहे. तरी द्यावा. माझ्या गाण्यांच्या डफाचं नाव इथे नाही, कारण तो मी शाळेतल्या शिपाईबाईंना आधीच देऊन टाकला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं वकील म्हणाला, आणि साक्षीला तर मला त्याच हव्या होत्या.

कलम ४. बाबांचा चौकटीतला फोटो धाकट्या भावाने घेऊन जावा. तो या घरात नको.

कलम ५. आता जी वस्तू कोणत्याच सरकारी कागदावर नाही आणि जी माझ्यावाचून आज कोणाकडेच नाही, तिची व्यवस्था लावायची आहे. ती म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची टिटवीची साद. मी गेले की तीही जाईल. हे मृत्युपत्र मी मुळात तिच्यासाठीच लिहायला घेतलं, घराचं काय, ते कोणीही वाटून घेतलं असतं.

बाबा रानात राखणदार होते. पाहुणे पाखरं बघायला यायचे, बाबा ओठांशी दोन बोटं धरून पाखरं बोलवायचे, आणि पाखरं फसून जवळ यायची. त्यांचा कान असा होता की एकाच झाडावरचे दोन पिंगळे ते आवाजावरून वेगळे सांगत. घरात त्यांचा नियम होता, रानात माणसाच्या तोंडाने हाक मारायची नाही. म्हणायचे, "माणसाचा आवाज खड्ड्यात बुडतो, पाखराचा वर येतो." म्हणून आम्ही प्रत्येकाने एकेक पाखरू घेतलं होतं. बाबा पिंगळा, आई कवडा, ताई टिटवी. मला कावळा दिला होता, कारण मला दुसरं काही जमत नव्हतं. धाकटा तेव्हा आईच्या पोटात होता, त्याला अंडं म्हणायचो.

ताईची टिटवी ऐकून खऱ्या टिटव्या डोक्यावर घिरट्या घालायला येत. पण तिच्या सादेत एक खोट होती. दोनदा स्वच्छ ओरडायची आणि तिसऱ्या वेळी श्वास अडकून मध्येच उचकीसारखा बारीक आवाज निघायचा. बाबा चिडायचे. पोटातून काढ, म्हणायचे, टिटवीला कधी उचकी लागते का. आई चुलीपाशी बसून हसायची. "लागू दे हो. कोणीतरी आठवण काढत असेल तिची." आणि मग ताईच्या पाठीवर थाप मारून म्हणायची की टिटवी एक वेळ समुद्र आटवेल, पण आमच्या टिटवीची उचकी काही जायची नाही.

एका सकाळी पाहुण्यांसमोर बाबांनी ताईला साद घालायला लावली. तिसऱ्या वेळी उचकी आली आणि पाहुणे हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलीला हसतात तसे. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "ही उचकी जाईपर्यंत मला तोंड दाखवू नकोस." आपल्या मुलांना असं बोलणारे बाप कमी नसतात. संध्याकाळी तेच बाप त्याच मुलांना जवळ घेऊन बसतात. आमच्याकडे ती संध्याकाळ आली नाही.

ताई खाणीत गेली. तिथे आवाज घुमतो, आपली चूक आपल्याला ऐकू येते. दिवेलागणीपर्यंत ती आली नाही तेव्हा आम्ही तिघं निघालो. खाणीच्या काठावर आई कवड्यासारखी घुमली, बाबांनी पिंगळा काढला. खालून टिटवी ओरडली. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदाही स्वच्छ. बाबांनी हात वर केला, आम्ही जागच्या जागी थांबलो. त्यांनी डोळे मिटून पुन्हा ऐकलं. मी त्यांचं बोट खाणीकडे ओढत होते. मला आवाज ओळखता आला होता असं मी म्हणत नाही. मला फक्त ती ताई असायला हवी होती.

"बाबा, ताई आहे."

"नाही. उचकी नाही. खरी टिटवी आहे." आणि मग आमच्या घरातलं नेहमीचं वाक्य, "टिटवी ओरडते तिथं काही नसतं."

हे वाक्य खरं आहे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि शत्रू आला की अंड्यांपासून लांब जाऊन आकांत करते, म्हणजे तो भलतीकडे शोधत बसतो. मी हे हजारो मुलांना शिकवलं आहे. आम्ही टिटवीकडे पाठ केली आणि ओढ्याच्या बाजूला शोधत गेलो. मागून ती बराच वेळ ओरडत होती.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खाणीतल्या पाथरवटांना ताई खालच्या कपारीत सापडली. पाय मोडला होता. त्या वेळचे डॉक्टर आईला बाजूला घेऊन म्हणाले की पोर पहाटेपर्यंत जिवंत असावी. मी दाराआड उभी होते, मी ते ऐकलं. आई त्यानंतर कधीही कवड्यासारखी घुमली नाही.

ती 'आई' म्हणून का ओरडली नाही, असं मी आयुष्यभर स्वतःला विचारत आले. पाखराचा आवाज वर येतो असं तिला शिकवलं होतं, हे एक. दुसरं असं की तिला नुकतंच जमलं होतं. त्या अवस्थेतही तिला ते बाबांना ऐकवायचं होतं, असं मला वाटतं, आणि हे वाटलं की आजही मला जेवण जात नाही.

म्हणून शाळांमध्ये मी सगळी पाखरं काढून दाखवली, टिटवी कधीच नाही. मुलं मागायची. मी म्हणायचे, ती मला येत नाही. आणि कार्यक्रमाच्या शेवटी, गाणं संपल्यावर, सगळ्यांना उभं करून सांगायचे की बाळांनो, हरवलात तर स्वतःचं नाव घेऊन ओरडा. सुंदर नको, मोठ्याने.

कलम ६. हे कलम वाचून वकील हसेल. त्याने खुशाल हसावं. खिडकी उघडल्यापासून खाणीतून एक टिटवी ओरडते. दोनदा स्वच्छ, तिसऱ्यांदा उचकी. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. टिटवी आपली साद अंड्यातूनच घेऊन येते, कोणाकडून शिकत नाही, हेही मला पक्कं ठाऊक आहे. आणि इतकी वर्षं एकच टिटवी कशी जगेल? पण ओरडली की मी चपला घालते, काठी घेते आणि काठावर जाऊन खाली बघून येते. एकदाही चुकवलेलं नाही, तापातसुद्धा नाही. खाली कधीही काही नसतं.

धाकट्याला ती उचकी ऐकू येत नाही. तो म्हणतो, "अक्का, साधी टिटवी आहे ती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही बघ." मेल्यावरही जाऊ नये, अशी सोय मी या कागदात करते आहे. त्याची मुलगी सात वर्षांची असताना सुट्टीत माझ्याकडे आली होती, मागच्या खोलीत झोपली होती. सकाळी दुधाचा पेला हातात धरून तिने विचारलं, "आत्या, त्या टिटवीला उचकी का लागते?" उचकीची गोष्ट मी तोवर कोणालाच सांगितली नव्हती, तिच्या बापालाही नाही. हे घर कोणाला जाणार ते त्या सकाळीच ठरलं, कागद आज होतो आहे इतकंच.

कलम ७. बाबांविषयी. ताईनंतर त्यांनी नोकरी सोडली आणि पुन्हा कधी ओठांशी बोटं नेली नाहीत. शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी होते. दोन दिवस बोलले नव्हते. मग अगदी स्पष्ट म्हणाले, "जमलं होतं तिला." मी पाणी ठेवलं आणि बाहेर निघून गेले. मरतानाही यांना आपल्या शिकवणीचाच अभिमान, असं मनात आलं, आणि तो राग मी आजवर जपला. या मृत्युपत्रात तो कोणाला द्यावा याचाही विचार केला होता.

पण काल कलम पाच लिहून झालं आणि मी ते मोठ्याने वाचून काढलं. तेव्हा उलगडलं. मला निदान उचकी ऐकू येते. त्या माणसाच्या कानात तीस वर्षं तीच साद वाजत होती, स्वच्छ, बिनचूक, त्यांनी मागितली होती अगदी तशी. विटा रचूनही ती थांबली नसणार. अभिमान कसला, ते कबूल करत होते, आणि ऐकायला मीच एकटी होते.

तरी कलम चार रद्द समजावं. फोटो मागच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावावा. राग माझ्याबरोबर जाईल, तो कोणाच्या वाट्याला नको.

कलम ८. ताईची साद मी भाचीला देते. येत्या रविवारपासून ती शिकायला येणार आहे, देवाने आणि गुडघ्यांनी साथ दिली तर पावसाळ्यापर्यंत तिला जमेल. माझ्यानंतर तिने ती शाळांत म्हणावी आणि मागेल त्या मुलाला शिकवावी. मात्र उचकीसकट शिकवावी. तिसऱ्या वेळचा श्वास अडकलाच पाहिजे. कोणी हुशार मूल ती चूक काढून टाकून स्वच्छ म्हणू लागलं, तर त्याला जवळ घेऊन सांगावं की बाळा, ही उचकी आपल्या माणसांना ओळखू येण्यासाठी आहे. कोणी हसलं तर हसू द्यावं.

आणि खाणीतून टिटवी ओरडली तर भाचीने, किंवा त्या वेळी या घरात जो कोणी असेल त्याने, हातातलं काम खाली ठेवून काठावर जावं आणि बघून यावं. टिटवी ओरडते तिथं काही नसतं, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी बघून यावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि तो मला मान्य आहे.

(सही) पाखरेबाई
ठिकाण: राहत्या घरी, मागची खोली
दिनांक: ९ एप्रिल, सकाळ

साक्षीदार पहिल्या: शाळेतल्या शिपाईबाई, आता निवृत्त. (सही) बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई. (सही) बाईंना मी तपासले आहे. त्या पूर्ण शुद्धीवर असून आपण काय लिहितो आहोत याची त्यांना संपूर्ण समज आहे. सहीसाठी पेन हातात घेतल्यावर खाणीकडून टिटवी ओरडली, म्हणून काम थांबवावे लागले. बाईंना दोन्हीकडून धरून आम्ही तिघीही काठापर्यंत गेलो. खाली काही नव्हते. परत येऊन सह्या केल्या.