गाळलेलं नाव

प्रिय सुंदरआत्या,

नाक्यावर फ्लेक्स लागलाय आणि त्यावर तू आहेस. तो बघून घरी आले, जेवणाचं ताट सरकवलं आणि तुला लिहायला बसले. ज्याच्यावर ओरडायचंय तो बाहेर मैदानात मंडपवाल्याकडून खुर्च्या लावून घेतोय, आणि ओरडायचं नाही असं तूच मला शिकवून ठेवलंयस. मग करू काय?

फ्लेक्स कसा आहे सांगू? मधोमध नानाकाका, तुझा लाडका धाकटा भाऊ! पांढरा शर्ट, काळा गॉगल, हात जोडलेले. खाली सोनेरी अक्षरांत 'प्रेरणास्थान व मार्गदर्शक'. त्याच्या खांद्याशी भारताची जर्सी घातलेली मी, हेल्मेटमुळे मी की दुसरीच कोणी ते कळत नाही. आणि पार खाली कोपऱ्यात, गोल चौकटीत, तू. शेजारी लिहिलंय 'आशीर्वाद'. बस! अख्ख्या गावाची नावं छापलीत, मंडपवाल्याचंसुद्धा आहे. तुझं नाही.

विसरला असेल, असं म्हणशील तू? मला नाही वाटत.

आपलं गोदाम आठवतं ना? भाडेकरू सोडून गेला आणि ते रिकामं पडलं, तेव्हा मला वाटलं होतं आपली लॉटरीच लागली. फोर्कलिफ्ट फिरून फिरून फरशी अशी गुळगुळीत झालेली, की चाकांच्या स्केट्स घालून एक ढकल दिली की थेट पलीकडची भिंत. आइस हॉकी म्हणजे काय ते तुला तिथंच समजावून सांगितलं होतं. तू पदर खोचून ऐकलंस आणि म्हणालीस, "म्हंजे बर्फावर घसरायचं आन् वर दांडक्यानं मारामारी? मंग तुला जमंल गो!"

आणि मग काकाने शटरला नवं कुलूप लावलं. "भिवंडीत बर्फ पडतो काय? पोरीच्या जातीनं आत दांडकी आपटायची आन् मी गावात तोंड कुठं दाखवायचं?" नवीन भाडेकरू यायचा होता म्हणून लावलं असतं तर मी समजून घेतलं असतं. पण कोणी आलं नाही. ते गोदाम पुढे वर्षभर रिकामं होतं. मी शाळेतून येताना रोज ते कुलूप बघायचे.

तू मात्र त्याच्याशी एक शब्द बोलली नाहीस. तू धवलारीण, हळदीत घरच्यांची नावं गुंफून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी. गावात कुणाची हळद तुझ्या धवल्याशिवाय लागली नाही. खाडीपलीकडच्या एका गोदामवाल्यांच्या घरी हळद झाली, घरची बाई तुझ्या मानाची साडी घेऊन आली आणि तू तिचा हात बाजूला केलास. "मना साडी नको. माझ्या पोरीला रविवारी तुमच्या गोदामाची फरशी द्या." बायका केवढ्या हसल्या होत्या! पण धवलारणीला नाही कोण म्हणणार?

मग दर रविवारी खोक्यांच्या रांगांमधून माझा सराव आणि दारात खाली बसकण मारून तांदूळ निवडणारी तू. मी आयुष्यातला पहिला गोल कुठे मारला ते आठवतं का? तुझ्या सुपात! तांदूळ सगळीकडे उडाले आणि तू पक उचलून नाकाशी नेलास. "या रबराच्या तुकड्यासाठी एवढा जीव काढतेस?" असं म्हणत तो पदराला पुसून मला परत दिलास.

काकाचा हिशोब तू त्याच्या मुलीच्या हळदीत चुकता केलास. मी मांडवात तुझ्या शेजारीच बसले होते. धवल्यात तू घरच्या सगळ्यांची नावं घेत गेलीस. आजोबांचं, पणजीचं, आत्या-मावश्यांचं, मामांचं. नवरीच्या बापाची पाळी आली, आणि तू दम घेतलास. नुसता श्वास आत घेतलास, सोडलास आणि पुढच्या नावावर गेलीस. काका आपलं नाव येईल म्हणून हात जोडून बसला होता, तो तसाच बसून राहिला. मला तर आनंदाने ओरडावंसं वाटत होतं!

घरी आल्यावर मी विचारलं, "चार शिव्या का नाही दिल्यास?" तू पाय चेपत म्हणालीस, "शिवीला उत्तर देता येतं गो. गाळलेल्या नावाला काय उत्तर देशील?"

आता थोडं तुझ्याशीही भांडते. छातीत दुखत होतं तर मला का सांगितलं नाहीस? मी लेहचं शिबिर सोडून आले असते म्हणून? हो, आले असते! पुढच्या वर्षी गेले असते. ते तू का ठरवलंस? माझ्या पिशवीत खाजाचा डबा भरून देताना तू हसत होतीस. तू हसलीस आणि मी फसले.

तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा काका तुझ्या पायाशी येऊन बसायचा. एकदा मी पाणी घेऊन दारात आले तर म्हणत होता, "बाय, एकदा माझं नाव घे ना." तू भिंतीकडे तोंड केलंस. खरं सांगते, त्या दिवशी मला त्याची दया आली होती. वाटलं, घे की गं, एक नाव तर आहे.

पण तुझ्या दहाव्याला पाहुण्यांनी भरलेल्या ओटीवर उभा राहून तो काय बोलला ते तू ऐकलं नाहीस. "या पोरीच्या नादानं बाय गेली. त्या गार फरशीवर बसून बसून छाती भरली तिची." सगळे माझ्याकडे बघायला लागले. पप्पा खाली मान घालून बसले. आत्या, मी तुला मारलं म्हणाला तो! माझी दया तिथेच संपली. तेव्हापासून मी नीट जेवले नाही, नीट झोपले नाही, पण नीट खेळले.

स्पर्धा बँकॉकला होती. मुलींची, अठरा वर्षांखालची, कितीतरी देशांतून आलेल्या. बर्फाचं मैदान एका मॉलच्या वरच्या मजल्यावर, बाहेर आपल्यासारखाच घामटा आणि आत दातखीळ बसेल अशी थंडी. निवड झाली त्या दिवशी तू माझ्या स्केट्सना हळद लावली होतीस, नव्या गाडीला लावतात तशी. पांढऱ्या लेस पिवळ्या झाल्या त्या झाल्याच. आमच्या कॅप्टनने बदलायला सांगितल्या, मी नाही बदलल्या.

तिसऱ्या नंबरसाठी मॅच होती. बरोबरीत चाललेली, संपत आलेली, आणि पक माझ्याकडे आला. तेव्हा मला तू आठवली नाहीस, खोटं कशाला बोलू? मला नानाकाका आठवला. गोलमध्ये तोच उभा आहे, हातात ते कुलूप घेऊन, असं समजून मी मारला. आत गेला! सगळ्या पोरी माझ्या अंगावर पडल्या, रडल्या. मी नाही रडले. मला आणखी एक मारायचा होता.

आणि आता हा सत्कार. शाल, नारळ, पाहुणे, आणि प्रेरणास्थान!

मघाशी काका घरी आला होता. नवा शर्ट घालून, चहा नको म्हणत दाराशीच उभा राहिला. "मानू, संध्याकाळी बोलशील तेव्हा माझं नाव घेशील ना?" आवाज अगदी तुझ्या पायाशी बसायचा तेव्हाचा. मी विचारलं, "फ्लेक्सवर आत्याचं नाव का नाही?" तो पंख्याच्या बटणाकडे बघत म्हणाला, "जागा उरली न्हाय."

जागा उरली न्हाय! ऐकलंस?

मैदानातून 'हॅलो, हॅलो, माइक चेक' ऐकू येतंय, म्हणजे मला उठायला हवं. तुला एक वचन देते आणि जाते. मी भाषण करणार नाही. जर्सी घालून, त्या पिवळ्या लेस मनगटाला बांधून उभी राहीन आणि तुझ्या चालीवर गाईन. तुझं नाव सगळ्यांत आधी. मग ज्यांनी फरशी दिली त्यांचं, मला खेळ शिकवणाऱ्या सरांचं, आईचं, खोकी सरकवून मला जागा करून देणाऱ्या हमालांचं. मोठ्या भावाचं नाव धाकट्याच्या आधी घेतात, तूच शिकवलंयस. काका पप्पांहून मोठा, म्हणून पप्पांच्या नावाआधी मी थांबेन. काका पहिल्या रांगेत हात जोडून बसलेला असेल. मी त्याच्याकडे बघेन आणि तुझ्यासारखाच दम घेईन, एक नाव मावेल एवढा.

मी जागा ठेवीन, आत्या. नाव घेणार नाही.

तुझी,
पिवळ्या लेसची मानू