भिंतीवरचा पिवळा रेनकोट

१३ एप्रिल, रविवार

शर्यतीत बाबा पेट्रोल भरायला आत, पिटमध्ये, आलेच नाहीत. पिटच्या भिंतीवरून मी दोनदा पाटी धरली — पांढऱ्यावर काळं, हातभर अक्षरांत 'आत'. दोन्ही वेळा माझ्या समोरून सुसाट निघून गेले. पुढच्या फेरीत पेट्रोल संपलं आणि गाडी स्नेटरटन ट्रॅकच्या मागच्या सरळ रस्त्यालगत, गवतात उभी राहिली. आमच्या गटात पहिले होतो आम्ही!

पुढे गाडी चालवायची पाळी कॉलिनची. तो बिचारा हेल्मेट घालून ताटकळत होता. "तुझ्या बापाला सीट सोडवत नाही, ग्वेन," म्हणाला. "वीस वर्षं त्याच्याबरोबर गाडी वाटून घेतोय. बिस्किटसुद्धा याहून लवकर देतो तो."

बाबा हसले. "लक्ष नव्हतं माझं."

गाडीतला रेडिओ बाबांनी नेहमीसारखा बंद ठेवलेला. कानात कुणी बोललं की इंजिनचं बोलणं ऐकू येत नाही म्हणे.

पण लक्ष नव्हतं? बाबांचं?

१४ एप्रिल

आईने टोस्टवर बीन्स वाढले आणि शर्यतीऐवजी हवामानाचा विषय काढला.

शेडच्या भिंतीवर माझी पदवी टांगली आहे — घरातली पहिली. शेजारी बाबांचा ल माँचा, फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीचा, फोटो. आठवडाभर लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करायचे आणि शनिवार-रविवार शर्यत, असं आयुष्य गेलं त्यांचं. एकदाच, कुणाचा तरी चालक आजारी पडला म्हणून, ल माँला बोलावणं आलं. गाडी शेवटपर्यंत पोचली. फोटोत ते गाडीच्या चाकाला टेकून झोपलेत.

मला वाटलं होतं, इंजिनिअर झाले की त्यांचं सगळं नीट करीन. टायरच्या तापमानाचे तक्ते केले. सगळ्यांना एकसारखी निळी जॅकेटं शिवून घेतली. एक नीटनेटका संघ दिसावा म्हणून. माझा स्वतःचा शर्यतीचा परवाना कॉलेजपासून ड्रॉवरमध्ये पडलाय. त्याबद्दल बाबांना विचारायचं धाडस नाही.

१६ एप्रिल, बुधवार

न्याहारीला बाबा म्हणाले, "तुझा तो पिवळा रेनकोट कुठं गेला गं?"

"खांद्यावर फाटलाय."

"शिवून घे की. चांगला होता."

संध्याकाळी, हात धुताना, पुन्हा: "तो रेनकोट टाकून नाही ना दिलास?"

रविवारी पहिल्यांदाच रेनकोटाऐवजी मी निळं जॅकेट घातलं होतं. पिटच्या भिंतीवर आम्ही सगळेच निळे.



१९ एप्रिल, शनिवार

त्यांना घेऊन बीटच्या शेतालगतच्या वाटेवर गेले. पाटी घेऊन मी लांब जाऊन उभी राहिले. पिटच्या भिंतीवर असते तितकीच लांब.

"काय लिहिलंय?"

"हा काय पोरखेळ, ग्वेन."

"वाचा ना बाबा."

डोळे बारीक केले. मान जराशी तिरकी केली. "सात फेऱ्या उरल्या."

पाटी कोरी होती.

मी जवळ गेले तेव्हा त्यांनी पाटीकडे पाहिलं आणि तिच्यावरून हात फिरवला. "मधोमध धुरकट दिसतं," म्हणाले. "कडेचं नीट दिसतं. वळणं मला पाठ आहेत, पोरी. पाटी तेवढी… तू हात खाली ठेवून उभी असलीस की सगळं ठीक. पाटी डोक्यावर धरलीस की आत यायचं. पिवळं वर सरकलं की मला कळायचं."

"आणि समोर कुणी घसरून आडवा झाला असता तर?"

त्यांनी बुटाने मातीचं ढेकूळ फोडलं.

"मी पुन्हा भिंतीवर उभी राहणार नाही, बाबा."

"मग मी आत कसा येणार?" हळूच म्हणाले. चिडून नाही. खरंच विचारल्यासारखं.

रडू आलं. त्यांनी माझ्या हातातून पाटी घेतली आणि घरापर्यंत स्वतः वाहून नेली.

२० एप्रिल

जूनमध्ये सहा तासांची शर्यत आहे. कॉलिनला, डॉक्टरला, कुणालाही मी सांगू शकते. सांगायलाच हवं. पण त्यांनी स्वतः सांगावं असं वाटतं. आठवडाभर थांबेन. त्याहून नाही.

२३ एप्रिल

आईला त्यांनीच सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "राल्फ, गेल्या नाताळात तू चहात मीठ घातलंस, तेव्हाच कळलं मला. मी प्यायले तो."

३ मे, शनिवार

डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचं हे बरं होणारं नाही. घरी आल्यावर बाबांनी आपला शर्यतीचा परवाना परत पाठवायला पाकिटात घातला आणि ते टपालपेटीत टाकून आले. येताना चिप्स आणल्या, व्हिनेगर जास्त मारलेल्या, मला आवडतात तशा.

आई खिडकीशी बसून रेनकोटचा खांदा शिवत होती.

१० मे

शेडमधून हाक आली. गाडीतली त्यांची सीट बाहेर काढून ठेवलेली. गाडीत कचऱ्याची मोठी प्लास्टिकची पिशवी अंथरली होती आणि कॉलिन दोन डब्यांतला फेस ढवळत होता — ज्याच्या पाठीचा साचा घ्यायचा तो त्यावर बसतो, फेस फुगून घट्ट होतो आणि त्याच्या मापाची सीट तयार होते.

"बस," बाबा म्हणाले.

"मी?"

"पाय आखूड आहेत तुझे. माझ्या सीटवरून ब्रेकपर्यंत पोचायचे नाहीत."

"लवकर बस गं बाई," कॉलिन म्हणाला, "नाहीतर माझ्या हाताचा साचा निघेल."

फेस पाठीला गरम लागत होता. बाबांनी माझे खांदे दाबून धरले होते. थंड होऊन घट्ट झाल्यावरसुद्धा सोडले नाहीत.

२१ जून, शनिवार

शेवटच्या तासात गाडी माझ्या हाती, आणि धो धो पाऊस. काचेतून काहीच दिसेना. पाटी असेल कुठे तरी, मलाही वाचता आली नाही. फक्त पिवळं दिसलं, आणि ते वर सरकलं. मी आत आले.

माझा रेनकोट घातलेल्या बाबांनी पाटी उलटी धरली होती.