नऊ तारखांचा तक्ता

३ नोव्हेंबर
पोलीस ठाण्यात पाठलागाच्या केसेसवर ट्रेनिंग. शिकवणारा नवीन सरकारी वकील राकेश, गॉगल केसांत खोचलेला. म्हणे, पोलीस एकाच बाईची प्रत्येक तक्रार वेगळ्या कागदावर घेतात, माणसाला समज देऊन सोडतात, मग कोर्टात काहीच टिकत नाही. आता सगळ्या घटना एकाच तक्त्यात: तारीख, वेळ, जागा. बावीस वर्षं ठाण्याचा मुन्शी आहे मी, मला शिकवतो! महिला डेस्कवरची रूपाली मात्र त्याचा शब्द न् शब्द उतरवून घेत होती. बघवेना.

५ नोव्हेंबर, सायं. ६.१०
संकल्प: राकेशकडे दुर्लक्ष. रूपालीला तिच्या गावच्या, हट्ट्याच्या बसपर्यंत सोडायला निघालो. ती म्हणाली, तेजरामभाऊ, मले एकटीले जाता येते, तुम्ही मांगं येऊ नका. लाजते बिचारी. बस सुटेपर्यंत पानठेल्याआड थांबलो. तिला संकोच नको.

८ नोव्हेंबर
त्याच बसने हट्ट्याला गेलो. सहज. तिथली जुनी बावडी, पायऱ्यांची विहीर, बघायची होती. (राहून गेली.) मला पाहून रूपाली पुढे कंडक्टरजवळ जाऊन बसली. मागच्या सीटवर धक्के फार बसतात.

१२ नोव्हेंबर
तिने मोबाईल नंबर बदलला. आता ठाण्यातल्याच मंजूच्या स्कूटीवर मागे बसून जाते. नक्की राकेशला चुकवत असणार. तरी दुपारी कोर्टासमोर राकेश अन् त्या दोघी चहा पीत होते, रूपाली त्याला कसले तरी कागद दाखवत होती! जीव नुसता जळतो. जेवलो नाही. (नंतर दोन समोसे.)

१६ नोव्हेंबर
छडा लागला. राकेश तिचा पाठलाग करतोय. त्याच्याच तक्त्यात त्याला अडकवणार. नऊ तारखा भरल्या. रूपाली कुठे होती ते वेळेसकट. राकेश तीन ठिकाणी दिसला. सहा ठिकाणी दिसला नाही, म्हणजे लपण्यात तरबेज आहे.

१८ नोव्हेंबर
तक्ता सही करून आमच्या ठाणेदार, टीआय शीला मॅडमला दिला. त्यांनी दोनदा वाचला. शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. त्या म्हणाल्या, तेजराम, पोरगी आपल्या आंगनात कपडे वाळू घालून राह्यली होती, हे तुमाले कसं माहीत? सांगितलं, मी तिथेच होतो, सीताफळाच्या झाडामागे. अन् बाकीचे आठ दिवस? म्हणालो, हौ मॅडम, मी सगळीकडे हजर.
त्यांनी रूपालीला बोलावलं. तिच्या हातात तिचा स्वतःचा तक्ता होता, राकेशने सांगितल्याप्रमाणे केलेला. त्यात माझं नाव, पाच तारखा. माझा तक्ता वाचून ती खुर्चीत बसली. म्हणाली, मले तर पाचच माहीत होत्या.

१९ नोव्हेंबर
कलम ७८, पाठलागाचं, माझ्यावर. निलंबन. समज देऊन सोडा म्हणालो, तर मॅडम म्हणाल्या, आता ते बंद. राकेश म्हणे, इतके पक्के पुरावे असलेली केस त्याला पहिल्यांदाच मिळाली. त्याचा हेवा अजून वाटतो. त्याच्याकडे ती स्वतः होऊन गेली होती.

२२ नोव्हेंबर
ओळखपत्र जमा करायला ठाण्यात गेलो. मंजूने सांगितलं, रूपाली काल पुन्हा बसने गेली, एकटी. लय दिवसांनी तिले भेव नाही वाटलं.
मी विचारलं, कोणाचं भेव?
मंजूने जमा केलेलं ओळखपत्र फिरवून माझाच फोटो माझ्यापुढे धरला.
माझं.