वाचून दाखवलेली बातमी

सेलू,
ता. २ डिसेंबर

प्रिय अश्वजितभाऊजी,

सप्रेम जयभीम.

तुम्ही खुशाल असाल. टीव्हीवर तरी तसेच दिसता. थोडे सुटलात मात्र, दिल्लीचं पाणी मानवलेलं दिसतंय. इकडे मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो म्हणून सेवाग्रामला दाखवून आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिने चढू नका. आता आपल्या 'बोरकाठ'चं ऑफिस माडीवर, मग मी काय अंगणात उभी राहून साप्ताहिक काढू? त्यांना हो म्हटलं आणि घरी येऊन जिना चढले.

ऋग्वेद पुण्याहून रोज फोन करतो. "आई, जेवलीस?" मी म्हणते, जेवले. संपलं बोलणं. चांगला आहे पोरगा, त्याला तरी काय सुचणार! तुमच्या दादांना जाऊन आता तिसरं वर्ष चाललंय. घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून मी टीव्ही लावून ठेवते. परवा बातम्या देणारी पोरगी "नमस्कार" म्हणाली, तर मी खरोखर "या, बसा" म्हणाले. कुणाला सांगू नका, नाहीतर म्हातारी कामातून गेली म्हणतील.

तुमचं भाषण ऐकलं. पत्रकारांच्या संरक्षणाचं विधेयक तुम्ही मांडलंत, आणि समोरचे गोंधळ घालत असताना एक शब्द न गाळता बोललात. "सेलूच्या एका माडीवर प्रभाकरराव नावाच्या संपादकाने मला कवितेच्या आधी बातमी लिहायला शिकवली," हे तुम्ही भर सभागृहात म्हणालात, तेव्हा हातातली परात तशीच खाली ठेवली मी. रडले. शेजारच्या नमिताने मोबाइलवर ते पुन्हा लावून दिलं, पुन्हा रडले. दादांचं नाव तालुक्याबाहेर कुणाला माहीत नव्हतं, ते तुम्ही संसदेत नेऊन ठेवलंत. हे उपकार मी विसरणार नाही.

पत्र लिहायला कारण तसं काही नाही. सहज आठवण आली.

असं लिहून मी पेन ठेवलं, चहा करून प्याले, आणि आता पुन्हा बसले आहे. कारण आहे, भाऊजी. तुमचा फोन आता तुमच्या इथल्या कार्यालयातला सूरज उचलतो. "साहेब मीटिंगमंदी आहे," म्हणतो. दहा वेळा निरोप ठेवला. म्हणून पत्र, आणि पाकिटावर 'खाजगी'.

गुंजनला तुम्ही ओळखता. आपली बातमीदार, चष्मेवाली, तुमच्या सभेत पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारायची ती. ती मागच्या महिन्यात केळझरच्या पुढच्या पाड्यावर गेली होती. तिथलं आरोग्य उपकेंद्र तुमच्या खासदार निधीतून झालं. फीत तुम्ही कापलीत, फोटो आपणच पहिल्या पानावर छापला. त्या दिवसापासून त्याला कुलूप आहे. नर्स आलीच नाही. मागच्या व्हरांड्यात शेळ्या बसतात. जंगू मडावीच्या बायकोला, रुखमाला, कळा सुरू झाल्या तेव्हा त्याने तिला ऑटोत घालून सेवाग्रामकडे नेलं. पोहोचली नाही. केळझरच्या फाट्यावर, रस्त्याच्या कडेला, दोन अनोळखी बायांनी लुगड्याचा आडोसा धरला आणि ती बाळंत झाली. पोर वाचलं. रुखमा गुंजनला म्हणाली, "दवाखाना माह्या दारातच आहे ना बाई, पण त्याले कुलूप आहे. पोटातल्या लेकराले थांब कसं म्हणू मी?"

एवढी बातमी. त्यात तुम्हाला शिवी नाही, टोमणा नाही. तुमचं नाव आहे, कारण पाटीवर तुमचं नाव आहे.

आता आपल्याकडचा नियम. ज्याच्यावर बातमी, त्याला ती छापण्याआधी शब्दन् शब्द वाचून दाखवायची, आणि त्याचं उत्तर त्याच अंकात, त्याच पानावर, न कापता द्यायचं. बाकीचे पेपरवाले आपल्याला हसायचे. तुम्हीच नाही का सायकलवर कापूस जिनिंगच्या अध्यक्षाकडे बातमी घेऊन गेला होतात? त्याने आधी अंगावर कुत्रं सोडलं, मग चहा पाजला, मग हातवारे करत उत्तर सांगितलं. तुम्ही परत येऊन ते सगळं नक्कल करून दाखवलंत, आणि तुमच्या दादांना हसून हसून ठसका लागला.

गुंजनने नियम पाळला. तुमच्या इथल्या कार्यालयात गेली आणि सूरजसमोर बसून बातमी वाचून दाखवली. तो म्हणाला, "साहेब तिकडं पत्रकारायसाठी भांडून राह्यले, अन् तुमी इकडं त्यायच्याच विरोधात काऊन लिहून राह्यले?" उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार केली. खोटी बातमी पसरवून खासदारांची बदनामी. तक्रार तुमच्या कार्यालयाच्या नावाने आहे.

पसरवून म्हणजे काय हो? बातमी अजून छापलेलीच नाही! जगात कुठेही गेलात तरी न छापलेल्या बातमीवर तक्रार झालेली तुम्हाला सापडायची नाही. आपण वाचून दाखवतो म्हणून झाली.

पोरीला तीनदा चौकशीला बोलावलं. तासन् तास बाकावर बसवून ठेवलं. मोबाइल काढून घेतला. तिचे वडील माझ्याकडे येऊन हात जोडून म्हणाले, "बाई, तिचं लग्न ठरून राह्यलं. सोडून द्या आता." आणि मी, भाऊजी, मी गुंजनला म्हणाले, जाऊ दे, एक अंक थांबू. तिला सांगितलं, तुझ्या काळजीपोटी म्हणते. खरं सांगू? तुमच्यासाठी म्हणत होते. तुम्ही माझ्या घरात चटईवर झोपलात, माझ्या हातचं शिळं खाल्लंत, दादांना खांदा दिलात. आता या गावात मला ओळखणारे पुष्कळ आहेत, पण माझं म्हणावं असं तुमच्याशिवाय कोण उरलं आहे? तुम्हीही तुटलात तर मी कुणाशी बोलू, टीव्हीशी?

गुंजनने बातमीचे कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि ती जिना उतरून गेली. मला माझीच लाज वाटली.

तेव्हा आता ऐका. वर लिहिलेली बातमी मी तुम्हाला वाचून दाखवली आहे. तक्रारीची बातमीही वाचून दाखवली. दोन्ही पुढच्या गुरुवारी छापते आहे. तुमचं उत्तर आलं तर शेजारी छापीन. नाही आलं तर 'खासदारांनी उत्तर दिले नाही' असं छापीन.

हे पत्र अर्धं वहिनीचं आहे, अर्धं संपादकाचं. संपादकाला उत्तर नक्की द्या. वहिनीला सवडीने दिलंत तरी चालेल.

प्रकृतीला जपा. तिकडे थंडी कडाक्याची असते म्हणतात.

सुधा


सेलू,
ता. १४ डिसेंबर

प्रिय अश्वजितभाऊजी,

अंक निघाला. कुरिअरने पाठवला आहे.

आधी चांगलं सांगते. गुंजनचा मोबाइल परत मिळाला. उपकेंद्राचं कुलूप निघालं, नर्सबाई रुजू झाल्या, आणि पाड्यावरची माणसं शेळ्या हाकलून व्हरांडा धुवायला लागली. रुखमा पोराला टोचायला घेऊन आली होती. लोक माझं अभिनंदन करतात. म्हणतात, पाहा, खासदार असावा तर असा, एका पत्रात काम केलं. मी मान हलवते.

तुमचं उत्तर पोहोचलं. पाकीट मी दारात उभ्यानेच फोडलं हो. वाटलं, रागावून लिहिलं असेल, किंवा जुन्यासारखं खो खो हसून. आत लेटरहेड. "मा. संपादक, आमच्या कार्यालयाने दिलेली तक्रार मागे घेण्यात येत आहे. उपकेंद्राबाबत संबंधितांना सूचना दिल्या आहेत. सदर वृत्त प्रसिद्ध करण्यास आमची हरकत नाही."

मला वाटलं, सूरजने लिहिलं असेल. खाली बघितलं. सही तुमची. शाईची, तुमच्या हातची.

हरकत नाही. पण भाऊजी, तुम्हाला विचारलं कुणी होतं? मी बातमी वाचून दाखवली होती, परवानगी मागितली नव्हती. तुम्ही रागावला असतात तर मी दोन दिवस रडले असते आणि मग भांडले असते. तुम्ही मला परवानगी दिलीत. त्यावर काय भांडायचं, ते मला कळत नाही.

गुंजन म्हणाली, "काकू, हे शेवटचं वाक्य काढून टाकू का? वाचणारे हसतील त्यायले." पोरीला तीनदा बाकावर बसवलं, तरी तिलाच तुमची काळजी. क्षणभर मला मोह झाला. पण उत्तर कापायचं नाही, हे ठरलेलं आहे. पहिल्या पानावर वर तुमचं भाषण, पूर्ण, दादांच्या नावासकट. खाली बातमी. शेजारी तुमचं उत्तर, शेवटच्या वाक्यासकट. चौकात हसले लोक. मला हसू आलं नाही.

अधिवेशन संपलं की सेलूला याल. तुमच्या कार्यालयात मी येणार नाही. तुम्ही घरी या. इतकी वर्षं तुम्ही या घरात येताना कधी "येऊ का?" म्हणाला नाहीत, सरळ आत येऊन डबे उघडायचात. आता दारात उभे राहून विचाराल, आणि मला "या" म्हणावं लागेल, याचीच मला भीती वाटते.

तुमची वहिनी,
सुधा