पडद्यावरची पहिली ओळ

मी, श्रीमती रत्नमाला आकाराम जगदाळे, वय ६९, राहणार कराड, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. लाज मात्र आहे.

१. टीव्हीला जोडायचे स्ट्रीमिंग बॉक्स बनवण्याचा कारखाना माझ्या यजमानांनी काढला. ते गेल्यावर नऊ वर्षे मी चालवला. वाचून वाचून एवढे कळले, की बॉक्स विकून फारसे उरत नाही. बॉक्स सुरू करताच दिसणारी पडद्यावरची पहिली ओळ जाहिरातीला दिली की कारखाना तगतो. मीही दिली.

दोन वर्षांपूर्वी ती ओळ मधुमेह मुळासकट घालवणाऱ्या चूर्णाला दिली. मजकूर मीच वाचला होता. तो खोटा आहे हे मला कळले होते. आमचा कारागीर मोहिद्दीन म्हणाला, "वयनी, ह्ये नको. लोकं आपल्या नावावर इस्वास ठेवत्यात." मी म्हणाले, "मग पगार इस्वासावर देऊ का तुझा?" यजमान असते तर ती जाहिरात दारातूनच परत गेली असती.

माझी थोरली जाऊ लीलाबाई कुंडलला असते. तिने गोळ्या सोडल्या. "आमच्या आकारामच्या डब्यावर दावत्यात, खोटं कसं आसंल?" असे ती डॉक्टरांना म्हणाली. तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दवाखान्यात मी तिला मोसंबी सोलून देत बसले; मजकूर खोटा हे मला आधीच ठाऊक होते, ते मात्र सांगितले नाही.

२. कारखाना मुलगा वीरधवल याला. अट एकच: पहिली ओळ पुन्हा कोणत्याही औषधाला द्यायची नाही. तो म्हणतो, "आई, कुलूप लागंल." बाळा, आधी बॉक्सची किंमत खर्चाच्या वर ठेव, जुने बॉक्स दुरुस्त करून दे, गावोगावची कुस्तीची मैदाने थेट दाखवून वर्गणी घे. अट मोडल्यास कारखाना मोहिद्दीनचा.

३. यजमानांची सोल्डरिंगची पेटी मोहिद्दीनला, विनाअट.

४. ~~राहत्या घराचा खालचा मजला लीलाबाई यांना, जिना चढावा लागू नये म्हणून.~~ खोडले. र. आ. ज.

खोडण्याचे कारण: आज मी कुंडलला येऊन हा कागद तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "घर नगं. घर घिऊन पाय इकल्यावानी हुईल." ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नये, असे वकील म्हणाले होते, तेही मी तिला सांगितले. "मग मला साक्षीला घे, रत्ना. उद्या कुणी म्हणाय नगं, म्हातारीला भरम झाल्ता."

स्थळ: कुंडल, ता. पलूस. दि. ९ फेब्रुवारी २०२५.

सही: रत्नमाला आकाराम जगदाळे

साक्षीदार:
१. नानासो ज्ञानू सूर्यवंशी, निवृत्त सुभेदार. सही आमच्यासमोर झाली.
२. लीलाबाई शंकर जगदाळे. सगळं ऐकलं. खरं हाय.