तिसरं वळण

प्रिय बारीकराव,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, असं माझ्या बायकोचं म्हणणं पडलं. म्हणून बाहेरचा पत्ता तिने लिहिलाय. आत मात्र मीच आहे, आणि आता उघडलंच आहेस तर वाचून टाक. मोजणी खात्याच्या ऑफिसात तुला बारीकराव हे नाव कोणी ठेवलं ते आठवत नाही, पण मला ‘पट्टी’ तूच म्हणालास आणि ते नोकरीभर चिकटलं. निवृत्तीच्या दिवशी शिपायाने भाषण केलं, त्यातही पट्टीसाहेबच.

आधी बातम्या. एक गुडघा बरा आहे, दुसरा नाही. मुलगी लांब राहते, फोन करते. निवृत्त झाल्यावर पहिलं वर्षभर मी घरातली प्रत्येक गोष्ट मोजून काढली. स्वयंपाकघरातली फळी डावीकडे अर्धा इंच खाली आहे हे मी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा बायकोने हातातला डबा खाली ठेवला आणि म्हणाली की बाबा रे, घराबाहेर जा आणि काय उकरायचं ते तिकडे उकर. वाचनालयाच्या फळ्यावरची चिठ्ठी तिनेच पाहिली होती. ओढ्यावर काम करायला माणसं हवीत, वयाची अट नाही, बूट आपापले आणावेत. मी बूट घेतले आणि गेलो. तेव्हापासून ती आमच्या गटाला चिखलसेना म्हणते.

कोणता ओढा ते तू ओळखलं असशील. आपण दोघांनी अकरा दिवस मोजला तोच. तू गेल्यानंतर त्याचा सिमेंटचा सरळसोट नाला झाला, पूर्वेकडच्या दलदलीवर गोदामं उभी राहिली, आणि दर दोन-तीन वर्षांनी खालच्या वस्तीत गुडघाभर पाणी शिरायला लागलं. गोदामं पाच वर्षांपूर्वी पाडली. आता ठरलंय की मैदानामागच्या पट्ट्यातलं सिमेंट फोडायचं, ओढ्याला त्याची जुनी वळणं परत द्यायची आणि काठावर लव्हाळा आणि वाळुंज लावायचं. आम्ही नऊ जण हे काम करतो. त्यात एक निवृत्त बसचालक आहे, तो फावडं टाकण्याआधी दोन्ही बाजूंना बघून घेतो. आणि सगळ्यांच्या डोक्यावर अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी. तिला आम्ही मुकादम म्हणतो. ती क्वचित हसते, पण चहा आधी इतरांना देते आणि मग स्वतः घेते. तिच्या वयात आपण काय करत होतो ते मी तिला बरेच दिवस सांगितलं नव्हतं.

दर शनिवारी शाळेतली तीसेक मुलं येतात, आठवी-नववीची. खरं तर निम्मं काम त्यांच्यासाठीच चाललंय. पाण्याचा वेग कसा मोजायचा, माती बोटांत चोळून कशी ओळखायची, हे आम्ही त्यांना शिकवतो, आणि जुड्या बांधायलाही. जुडी म्हणजे वाळुंजाच्या ओल्या फांद्यांची लांबलचक मोळी. ती सुतळीने पाच ठिकाणी आवळायची आणि वळणाच्या काठाशी आडवी ठेवून खुंट्यांनी ठोकून बसवायची. पुढे फांद्यांना मुळं फुटतात आणि काठ धरला जातो. यात मुकादमचा एक नियम आहे. प्रत्येक जुडीला पत्र्याचा बिल्ला लावायचा, बिल्ल्यावर बांधणाऱ्याचा नंबर. ज्याची जुडी सुटली त्याने ती पुन्हा बांधायची, कुरकुर न करता. मुलांना हा नियम फार आवडतो. येता-जाता स्वतःचा नंबर शोधून बघतात. आपल्या खात्यात नकाशांना असे बिल्ले असते तर, असं एकदा माझ्या मनात आलं आणि मी उठून पाणी प्यायला गेलो.

वळणं नेमकी कुठे होती, हा प्रश्न निघाला तेव्हा खात्याकडून उत्तर आलं की जुनं दप्तर ओल लागून कुजलं. मी म्हणालो, माझ्याकडे एक जुना नकाशा आहे. पूर्वी मी मोजणी खात्यात होतो एवढंच तिथे माहीत होतं, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. बसचालकाने पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं, ते लपवत नाही. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि काचेवर ठेवण्याआधी नकाशाचा उजवीकडचा खालचा कोपरा मागे दुमडला. सही त्या कोपऱ्यात आहे. मी इतकंच मनाशी म्हटलं की सही बघून यांना काय करायचंय, यांना ओढा हवाय.

त्या नकाशावरून चार महिने आम्ही खणलं. मुलांनी एकशे चाळीस जुड्या बांधल्या. मग एका सकाळी वरचं फाटक उघडून पाणी सोडलं. पहिलं वळण टिकलं, दुसरं टिकलं. तिसऱ्यात पाणी शिरलं, थोडा वेळ घुटमळलं आणि मग समोरचा काठ फोडून तीरासारखं निघून गेलं. जुड्या, खुंट्या, लव्हाळा, सगळं वाहून गेलं. खालच्या जाळीला अडकलेले सतरा बिल्ले सापडले. मुकादमने नियमाप्रमाणे ते सतरा नंबर वाचून दाखवले आणि त्या मुलांना पुढचे दोन शनिवार गाठी मारायला बसवलं. ती रागावली नाही, पण गाठी ढिल्या पडल्या असंच तिने धरून चाललं होतं. मुलांनीही तेच मानलं. मी बाजूला उभा राहून त्यांना सुतळी कापून देत होतो.

त्या सतरा जणांत एक मुलगी आहे, नंबर तेवीस. इतके प्रश्न विचारते की तिला सगळे शंकासुर म्हणतात, आणि ती त्या नावाला ओ देते. दुसऱ्या शनिवारी ती जाळीपाशी गेली, आपली जुडी गाळातून ओढून काढली आणि फरफटत आणून माझ्या पायापाशी टाकली. पाचही गाठी जशाच्या तशा होत्या. खुंट्यासुद्धा जुडीत अडकलेल्या होत्या, म्हणजे जमिनीसकट उपटून आल्या होत्या. तिचं म्हणणं असं की गाठ सुटलेलीच नाही, तर गाठ मारायला पुन्हा का शिकायचं. मग तिने नकाशाची झेरॉक्स मागितली. बराच वेळ बघत बसली. कोपऱ्यात पांढरा कोरा त्रिकोण होता, त्यावर बोट ठेवून तिने विचारलं की इथे काय होतं. मी म्हणालो, मशीनची चूक. तिने मान डोलावली, पण बोट काढलं नाही.

आता तुला माहीत असलेलंच लिहितो. माझ्या हाताने ते कधी लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो. तुझ्या मोजणीवहीत तिसरं वळण खूप मोठं होतं. ते थेट गोदामांच्या नियोजित जागेतून जात होतं. साहेबांनी सांगितलं, एवढं मोठं वळण कागदावर नको. तू नाही म्हणालास आणि वही कपाटात घालून कुलूप लावलंस. मग मी दोन दुपारी ऑफिसात बसून, ओढ्याकडे न फिरकता, प्लास्टिकची पट्टी फिरवून एक छोटंसं, गोंडस वळण काढलं आणि खाली सही ठोकली. तू वर तक्रार केलीस, म्हणून चौकशी बसली. चौकशी तुझीच झाली. चौकशी अधिकाऱ्याने मला एकच प्रश्न विचारला, “या माणसाची मापं भरवशाची आहेत का?” मी म्हणालो, “मला खात्रीने सांगता येणार नाही.” तू समोरच्या बाकावर बसला होतास. माझ्याकडे बघितलंसही नाहीस. तुला लांबच्या दप्तरखान्यात टाकलं, दोन वर्षांनी तू राजीनामा दिलास, आणि मला बढती मिळाली, हात टेकायच्या खुर्चीसकट. खुर्ची आरामाची होती, खोटं कशाला बोलू.

चिखलात वळण फुटलं त्या दिवसापासून मला कळत होतं की फुटलं का. मी निघालेलं पाणी बघून वेग सांगू शकतो, एवढं तर आपण शिकलो होतो. तेवढ्या वेगाचं पाणी तेवढ्याशा वळणात मावणारच नव्हतं. आणि तरी मी सुतळी कापत उभा राहिलो. यात मला पुन्हा काही मिळणार होतं अशातला भाग नाही. मिळायचं ते मिळून गेलंय. नुसती सवय, दुसरं काही नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

मग मुख्याध्यापकांचं पत्र आलं. मुलांच्या हातून काम नीट होत नाही, उद्या काठ कोसळून त्याखाली कोणी सापडलं तर जबाबदारी कोणाची, तेव्हा मुलांचा शनिवार बंद करावा आणि तिसरं वळण ठेकेदाराकडून दगडात बांधून घ्यावं, असा मजकूर. गुरुवारी ओढ्याचं काम बघणाऱ्या समितीची बैठक ठरली. मुकादमने ते पत्र आम्हाला वाचून दाखवलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मुलं गेली तर ती पण जाणार होती, मुलांसाठीच तिने हे काम घेतलं होतं. मी घरी आलो. बायको म्हणाली, आज बुटांना चिखल नाही. मी तिला सगळं सांगितलं, त्रिकोणासकट. तू तिच्या हातचा चहा प्यायला यायचास आणि ‘वहिनी, साखर अर्धा चमचा जास्त झाली’ म्हणायचास, ते तिला अजून आठवतं. मला एवढंच म्हणाली, “त्या वेळी तू तरुण होतास, मला अंदाज होता तरी मी गप्प बसले. आता म्हातारा आहेस, आता नाही बसणार.”

गुरुवारी मी मूळ नकाशा घेऊन गेलो. झेरॉक्स नाही, मूळ. शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत बैठक होती, भिंतीवर मुलांनी काढलेले मासे लावलेले होते. शंकासुर, मुकादम आणि बाकीचा गट मागच्या बाकांवर बसला होता. मी टेबलावर नकाशा पसरला, कोपरा सरळ केला आणि सांगितलं की मुलांच्या गाठी ठीक होत्या, वळण खोटं होतं, ही सही माझी आहे. त्यानंतर तुझ्याबद्दल सांगितलं. जे केलं ते, केलं त्या क्रमाने. मुकादम माझ्याकडे बघत होती, चिडलेली होती, तो राग तिने अजून सोडलेला नाही. मी सोड म्हणणारही नाही. बसचालक उठून खिडकीपाशी गेला. पहिल्यांदा बोलल्या त्या समितीच्या अध्यक्ष. त्या दातांच्या डॉक्टर आहेत, हळू बोलतात. त्यांनी विचारलं, “त्या दुसऱ्या माणसाची मापं भरवशाची होती का?” शब्द जवळपास तेच. मी म्हणालो, “होती. फूटभराचीही चूक नव्हती. टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं.”

हे सांगायला एकतीस वर्षं लागली आणि सांगितलं ते दातांच्या डॉक्टरला, तुझ्यासमोर नाही. म्हणून हे पत्र. माफी मागत नाही, कारण मागितली तर ती द्यायची की नाही हे काम तुझ्या गळ्यात पडेल. समितीने सहा आठवडे दिलेत. तेवढ्यात खरं वळण सापडलं तर शनिवार चालू राहील आणि ते खणायचं काम मुलांचंच असेल. नाही सापडलं तर दगड. राजीनाम्याच्या आधी कपाट रिकामं करायला तू एकदा आलास आणि मोजणीवही पिशवीत घातलीस, ते मी दारातून पाहिलं होतं. कोणाला सांगितलं नाही. त्या सगळ्या प्रकरणात मी केलेली तेवढीच एक बरी गोष्ट. वही असेल तर पाठव, पानांचे फोटो पाठवलेस तरी चालेल. स्वतः घेऊन आलास तर बायको साखर कमी घालेल. शंकासुरने आधीच बजावलंय की वही आली तरी ती सगळं पुन्हा मोजून बघणार, माझ्या नुसत्या शब्दावर तिचा विश्वास नाही, आणि ते बरोबरच आहे. मोजणीची पहिली खुंटी कुठे होती एवढं तू सांग. पुढचं मुलं मोजतील, दुसरं टोक मी धरतो.

तुझाच म्हणायचं की नाही हे तुझ्यावर सोडून,
पट्टी